हुमाची सावली

आमच्या पुतणीचे नाव हुमा. काही वर्षांपूर्वी मुंब्र्याहून घोडबंदर रोडला राहायला जायचे आम्ही ठरवले आणि भाड्याचे घर शोधू लागलो, तेव्हा या दोन अक्षरांच्या नावाने आम्हाला पुष्कळ काही शिकवले. घर हुमाच्या नोकरीसाठी हवे होते. ती विमानांची देखभाल करणारी इंजिनिअर. रात्रपाळी असायची आणि कंपनीची गाडी घोडबंदर रोडवरून कामगारांना घेऊन विमानतळावर जायची. त्यामुळे दलालांना फोन तीच करायची. फोनवर तिचे नाव त्यांना ‘हेमा’ असे ऐकू यायचे. ‘‘या ना हेमाताई, मानपाड्याला आहे, पातलीपाड्याला आहे, वाघबीळला तर एकदम हवेशीर फ्लॅट आहे,’’ असे आमंत्रण मिळायचे. आम्ही तिघे जायचो. गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसला की भाभी खूश व्हायच्या. भाडे ठरायचे, डिपॉझिट ठरायचे. मग आधार कार्डाची झेरॉक्स पुढे व्हायची आणि हेमाची हुमा व्हायची. ‘‘काका, माझं काही नाही हो, पण सोसायटीत चालत नाही,’’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले की पुढे पुढे दलालाच्या आधी आम्हीच ते म्हणू लागलो.

अशाच एका इमारतीतून खाली उतरताना लिफ्टमध्ये हुमा हसून म्हणाली, ‘‘चाचा, गंमत बघा. माझं नाव विमानाच्या शेपटीवर चालतं, पण दारावरच्या पाटीवर चालत नाही.’’

ती हसली म्हणून आम्हीही हसलो. पण ते वाक्य मनातून गेले नाही. विमानांना पक्ष्यांची नावे का देतात, तीही कधी कोणी न पाहिलेल्या पक्ष्यांची, आणि त्या नावांचे पुढे काय होते, याचा शोध आम्ही घेऊ लागलो तो तेव्हापासून.

हुमा हा कवींचा पक्षी. फारसी आणि उर्दू शायरीत तो पिढ्यान्पिढ्या उडतो आहे. तो जमिनीवर कधी उतरत नाही, काही कथांमध्ये तर त्याला पायच नाहीत. ज्याच्या डोक्यावर त्याची सावली पडेल तो बादशहा होतो, अशी समजूत. टिपू सुलतानाच्या सिंहासनावर सोन्याचा, रत्नजडित हुमा होता. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि तो पक्षी इंग्रजांच्या राजघराण्याच्या संग्रहात गेला, आजही तिथेच आहे. सावली देणाऱ्यालाच कैद झाली, असे म्हणायचे.

आमच्या हुमाचे नाव मात्र सिंहासनावरून आलेले नाही. ते विमानाच्या शेपटीवरूनच आले. आमचे थोरले बंधू, भाईजान, १९९२ मध्ये दुबईला गेले. तिथल्या विमानतळावर इराण एअरच्या विमानाच्या शेपटीवर त्यांनी एका विचित्र प्राण्याचे तोंड पाहिले. खोलीजवळच्या इराणी दुकानदाराला त्यांनी त्याबद्दल विचारले. तो म्हणाला, हा आमचा हुमा. १९९४ मध्ये मुलगी झाल्याची तार पोहोचली तेव्हा भाईजाननी उलट टपाली कळवले, नाव हुमा ठेवा. आमच्या अम्मीला वाटले, मुलगा शायर झाला की काय!

त्या चिन्हाची हकिकत ऐकण्यासारखी आहे. इराण एअर १९६२ मध्ये स्थापन झाली. फारसीत तिचे नाव ‘हवापैमाई-ए-मिल्ली-ए-ईरान’. त्यातल्या शब्दांची आद्याक्षरे जोडली की ‘हुमा’ होते. चिन्ह काढले एडवर्ड झोहराबियन या तरुण आर्मेनियन-इराणी चित्रकाराने. त्याने नमुना घेतला तो तख्त-ए-जमशेदच्या, म्हणजे पर्सेपोलिसच्या, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या खांबांवरील शिल्पाचा. इस्लामपूर्व काळातले शिल्प, आर्मेनियन चित्रकार आणि मुस्लिम देशाचे विमान. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली. शहाच्या काळातल्या किती तरी खुणा पुसल्या गेल्या, पण हुमा शेपटीवर तसाच राहिला.

नावांचा असा प्रवास एकट्या इराणचा नाही. इंडोनेशिया हा जगातला सर्वांत मोठा मुस्लिम लोकसंख्येचा देश. त्याच्या राष्ट्रीय विमान कंपनीचे नाव गरुड. विष्णूचे वाहन! डच सत्ता गेली आणि डिसेंबर १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुकार्नो विमानाने जकार्ताला आले. त्या विमानावर हे नाव होते. पण त्याही आधीची गोष्ट आम्हाला जास्त आवडते. १९४८ मध्ये आचेच्या धार्मिक मुस्लिम जनतेने वर्गणी काढून, बायांनी अंगावरचे दागिने काढून देऊन, लढणाऱ्या प्रजासत्ताकासाठी एक डाकोटा विमान घेऊन दिले. त्याचे नाव ‘सेउलावाह’, म्हणजे सोन्याचा डोंगर. ते विमान देखभालीसाठी आपल्या कलकत्त्यात आलेले असतानाच डचांनी हल्ला केला. परत जाता येईना, म्हणून ते ब्रह्मदेशात नेले आणि भाड्याने उडवून त्याच्या कमाईवर नव्या देशाची विमानसेवा उभी केली. गरुडाचे पंख असे आचेच्या बायांच्या बांगड्यांचे होते.

आणि आपल्याकडे? कोलशेतला वायुदलाचे ठाणे आहे. त्याच्या भिंतीशेजारून जाताना आम्हाला नेहमी आठवते की, आपल्या वायुदलाने १९५३ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या लढाऊ विमानाला ‘तूफानी’ हे नाव दिले, जग्वारला ‘शमशेर’ म्हटले, मिग-२७ ला ‘बहादूर’ म्हटले. हे शब्द वापरताना त्यांची आधार कार्डे कोणी मागितली नाहीत. शेजारच्याच विमानांची नावे ‘वज्र’, ‘मरुत’, ‘तेजस’ अशी. आकाशात सगळी नावे एका सोसायटीत राहतात.

हे सारे वाचत असताना आम्हाला फिनिक्स भेटला. मराठीत फिनिक्स म्हटले की वर्तमानपत्रातला ठरलेला मथळा आठवतो. एखादा संघ हरता हरता जिंकतो, एखादा कारखाना पुन्हा सुरू होतो, की लगेच ‘फिनिक्स भरारी’! फारसीत हाच पक्षी कुकनुस. नीशापूरच्या फरीदुद्दीन अत्तारांनी बाराव्या शतकात ‘मंतिकुत्तैर’ लिहिले. सगळे पक्षी हुदहुदच्या मागे आपला बादशहा सीमुर्ग याच्या शोधात निघतात, ती ही कथा. त्यात कुकनुसही येतो. त्याच्या चोचीला शंभराच्या आसपास छिद्रे. प्रत्येक छिद्रातून वेगळा सूर निघतो. हजार वर्षे जगल्यावर तो लाकडे गोळा करतो, त्यांत बसून शोक करतो, पंख फडफडवून आग पेटवतो आणि जळून जातो. मग राखेतून नवा कुकनुस येतो.

इथे दोन गोष्टींनी आम्ही चकित झालो. पहिली अशी की, अत्तार सांगतात हा पक्षी राहतो हिंदुस्थानात. ग्रीक लोक म्हणत, तो अरबस्तानातून येतो. इराणी म्हणत, तो हिंदुस्थानात असतो. आपण म्हणतो, ती ग्रीकांची कथा. प्रत्येकाने या पक्ष्याला दुसऱ्याच्या दारात नेऊन बसवले आहे. भाड्याचे घर शोधणाऱ्या आम्हाला त्याची अवस्था लगेच कळली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अत्तारांनी ही कथा यशाची म्हणून सांगितलेलीच नाही. हजार वर्षे जगून, इतके सूर घशात असूनही शेवटी मरण याला चुकले नाही, मग तुला कसे चुकेल, असे ते वाचणाऱ्याला विचारतात. आपण मथळ्यासाठी तेवढी राख झटकली आणि भरारी ठेवून घेतली.

एक खुलासा केला पाहिजे. हुमा, सीमुर्ग, कुकनुस हे आपल्या दीनचे भाग नव्हेत. कुरआन शरीफमध्ये हुदहुद आहे, अबाबील आहेत. बाकीचे हे कवींचे आणि आजीच्या गोष्टींतले पक्षी. पण माणसाने त्यांची नावे विमानांना दिली, क्षेपणास्त्रांना दिली आणि तिथे या गोष्टी फार गंभीर झाल्या.

३ जुलै १९८८ रोजी बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराण एअरचे प्रवासी विमान आखातात अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने क्षेपणास्त्र सोडून पाडले. २९० माणसे गेली, त्यांत दहा भारतीय होते. त्या शेपटीवर हुमाच होता. ज्याची सावली पडली की माणूस बादशहा होतो, त्याची सावली त्या दिवशी समुद्रावर पडली. आणि फिनिक्स? त्या नावाचे एक अमेरिकी क्षेपणास्त्र होते. शत्रूचे विमान दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून पाडणारे. अमेरिकेने ते विकले फक्त एका देशाला, शहाच्या इराणला. १९८० ते १९८८ या काळात इराण आणि इराक हे दोन शेजारी मुस्लिम देश लढले तेव्हा ते वापरले गेले. ज्या भाषेने कुकनुसच्या चोचीतले सूर मोजले, त्या भाषेच्या आकाशात फिनिक्स अशा रूपाने परत आला. आज ‘अबाबील’ नावाचे इराणी ड्रोन आहे, ‘सीमुर्ग’ नावाचे रॉकेट आहे. नाव पवित्र असो की काव्यमय, ते यंत्राला शहाणपण देत नाही.

हॉलिवूडचीही एक गोष्ट आहे. ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ हा चित्रपट १९६५ मध्ये आला. वाळवंटात कोसळलेल्या विमानाच्या तुकड्यांतून प्रवासी नवे विमान जुळवतात, त्याला फिनिक्स नाव देतात आणि उडून जातात, ही त्याची कथा. चित्रीकरणासाठी खरोखरचे एक विमान तयार केले होते. ८ जुलै १९६५ रोजी ते उडवताना जमिनीला टेकले, मोडले आणि वैमानिक पॉल मँट्झ मरण पावला. पडद्यावरचा फिनिक्स उडाला, खरा उडाला नाही. चित्रपट मँट्झला अर्पण केला आहे.

आता भाईजानबद्दल सांगतो, कारण आमच्या घरात राखेतून उठण्याची भाषा कोणी बोलत नसले तरी ते काम त्यांनी दोनदा केले.

दुबईच्या आधी भाईजान कुवेतला होते. एअर कंडिशनर दुरुस्त करायचे. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि बँकेतले पैसे, खोलीतला फ्रिज, लग्नासाठी साठवलेले सोने, सगळे एका रात्रीत शून्य झाले. बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द, वाळूतला तंबू, मग अम्मान. तिथे एअर इंडियाचे विमान मिळाले. त्या वर्षी १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसे अशी परत आणली गेली. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. भाईजान सांगायचे, ‘‘विमानात कोणी कोणाचं नाव विचारलं नाही. पाणी मात्र सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं.’’ त्यांच्या हातात एक पिशवी होती आणि पान्यांची एक लोखंडी पेटी. अम्मी म्हणाली, ‘‘सोनं टाकून हे लोखंड का आणलंस रे?’’ ते म्हणाले, ‘‘सोनं पुन्हा याच्यातूनच येणार.’’

सोने फारसे आले नाही. पण घर चालले, बहिणींची लग्ने झाली, हुमा शाळेत जाऊ लागली. मग २०११ मध्ये शारजाहून फोन आला. रात्री झोपेत छातीत दुखले आणि भाईजान गेले. वय चौपन्न.

आपल्यात मय्यतीला उशीर करू नये असे शिकवलेले असते. पण परदेशातले मरण कागदांवर चालते. मृत्यूचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, वकिलातीची परवानगी, मय्यत टिकवण्यासाठी औषध भरल्याचे प्रमाणपत्र, विमान कंपनीची पावती. तिथेच दफन करा, असेही काहींनी सुचवले. भाभींनी एवढेच म्हटले, ‘‘वीस वर्षं तिकडेच होते. आता तरी घरी येऊ देत.’’ सहाव्या दिवशी मय्यत आली. प्रवासी दरवाजाने नव्हे, सहारच्या मालवाहतुकीच्या फाटकाने. आम्ही फाटकाशी उभे होतो, सोबत सतरा वर्षांची हुमा. हातात आलेल्या पावतीवर वजन किलोमध्ये लिहिले होते. कुंपणापलीकडे एका विमानाखाली दोन माणसे टॉर्च घेऊन चाके, इंजिन, पंखाची कड बघत होती, बोटाने चाचपत होती. हुमा त्यांच्याकडे एकटक बघत राहिली. आम्हाला वाटले, रडू आवरायला बघते आहे. पहाटे म्हसळ्याजवळच्या आमच्या गावी पोहोचलो आणि फज्रनंतर भाईजानना मातीत ठेवले.

बऱ्याच वर्षांनी, या शोधात, आम्ही हिरोडोटसने सांगितलेली फिनिक्सची गोष्ट वाचली. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला हा ग्रीक इतिहासकार. पाश्चात्त्यांच्या ग्रंथांत या पक्ष्याची अगदी जुनी, तपशीलवार हकिकत त्याचीच. तो प्रामाणिकपणे सांगतो की, आपण हा पक्षी फक्त चित्रात पाहिला. आणि त्याच्या गोष्टीत आग नाही. राख नाही. भरारीही नाही. पाचशे वर्षांनी एकदा हा पक्षी अरबस्तानातून मिसरमधल्या सूर्यमंदिराकडे येतो, तो त्याचा बाप मेल्यावर. तो बोळ या सुगंधी डिंकाचा अंड्यासारखा गोळा करतो, आपल्याला पेलेल का हे आधी उचलून पाहतो, मग तो पोखरून त्यात बापाचे प्रेत ठेवतो, भोक बुजवतो आणि तो गोळा घेऊन उडत येतो.

हे वाचले आणि आम्ही पुस्तक मिटून बसलो. अरबस्तानातून बापाचे प्रेत घेऊन येणारा पक्षी! म्हसळा, श्रीवर्धन, महाड, चिपळूण, भिवंडी, कल्याण, किती गावांतल्या किती घरांनी हा पक्षी सहारच्या फाटकाशी उतरताना पाहिला आहे. बोळाऐवजी जस्ताचे अस्तर लावलेली पेटी, एवढाच फरक. त्या गोष्टीला आग पुढे चिकटली. मुळात ती जळण्याची नाहीच, वाहून नेण्याची आहे. वजन पेलेल का हे आधी उचलून पाहण्याची आहे.

हुमाने बारावीनंतर विमान देखभालीचा कोर्स निवडला. नातेवाइकांत चर्चा झाली. मुलीने ग्रीसमध्ये हात घालायचे? भाभी म्हणाल्या, ‘‘बापाचे हातही तसेच होते.’’ परीक्षा झाल्या, परवाना मिळाला, नोकरी लागली. तिच्याकडून आम्हाला कळले की पक्ष्यांची नावे घेऊन उडणारी विमाने खऱ्या पक्ष्यांना फार भितात. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कला जंगली हंसांचा थवा दोन्ही इंजिनांत गेला आणि वैमानिकाला विमान हडसन नदीत उतरवावे लागले. १५५ जण वाचले, ही वरच्याची मेहेरबानी आणि वैमानिकाचे कसब. म्हणून प्रत्येक फेरीनंतर इंजिनाची पाती टॉर्चने बघायची. रक्ताचा डाग, एखादे पीस, पात्याची वाकलेली कड. हुमाच्या रात्री अशा पिसे शोधण्यात जातात. हत्यारांचे नियमही कडक. बाहेरचा एक स्क्रू-ड्रायव्हर विमानाजवळ नेता येत नाही. हत्यार मोजून घ्यायचे, मोजून परत द्यायचे. त्यामुळे भाईजानची पान्यांची पेटी घरीच, तिच्या पलंगाखाली.

मग हुमाची कंपनी बंद पडली. कोणती ते सांगायला नको. आधी पगार उशिरा, मग अर्धा, मग नाही. विमाने रांगेने उभी राहिली. इंजिनांची तोंडे कापडाने बांधली तरी एकात साळुंक्यांनी घरटे केले, हे सांगताना तिला हसावे की रडावे कळेना. ‘‘चाचा, विमान उडालं नाही की पक्षी परत ताबा घेतात.’’

त्या दिवसांत फिनिक्स हा शब्द आम्हाला नकोसा झाला. आपल्या देशात विमान कंपनी बंद पडली की ती राखेतून उठणार अशा बातम्या येतातच. कधी थोडेफार खरे होते. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणून सुरू केलेली सेवा १९५३ मध्ये सरकारकडे गेली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. कधी काहीच होत नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली. पुन्हा उडणार म्हणून पाच वर्षे चर्चा चालली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढण्याचा आदेश दिला. किंगफिशर म्हणजे आपला खंड्या. ग्रीक कथेत तो समुद्राला शांत करतो. त्याच्या नावाची कंपनीही २०१२ मध्ये बसली. आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले तेव्हा तर राख ही उपमा राहिलीच नाही. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. त्या आठवड्यात हुमा घरी फारशी बोलली नाही. राखेची उपमा देताना माणसाने थोडे थांबावे, असे आम्हाला त्यानंतर प्रकर्षाने वाटते.

नोकरी गेल्यावर हुमाने काय केले? कासारवडवलीच्या बाजूला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला लागली. घोडबंदर रोडवर टॉवर किती आणि त्यांतल्या लिफ्टा किती, कामाला तोटा नव्हता. पलंगाखालची पेटी बाहेर निघाली. कुवेतहून अम्मानमार्गे आलेले पाने अडकलेल्या लिफ्टांना लागू लागले. ज्या इमारतींनी आम्हाला घर नाकारले होते त्यांतल्या एकीतही ती गेली. वॉचमनने रजिस्टरमध्ये नाव विचारले. तिने स्पष्ट सांगितले, ‘‘हुमा. हेमा नाही, हुमा.’’ लिफ्ट सुरू झाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी चहा पाजला. त्यांना काही आठवले की नाही, देव जाणे. तिने आठवण करून दिली नाही. आम्ही असतो तर दिली असती.

दीड वर्षाने तिला विमाने दुरुस्त करणाऱ्या एका हँगरमध्ये नोकरी मिळाली. तिथे आम्हाला खऱ्या फिनिक्सचा पत्ता लागला. मोडीत निघालेल्या विमानातले सगळे वाया जात नाही. इंजिन, चाकांचे सांगाडे, पंप, यंत्रे सुटी करतात. प्रत्येक भाग तपासतात, मोजतात, त्याचा जन्मापासूनचा कागद पाहतात. ठीक असेल तर चिठ्ठी बांधून दुसऱ्या विमानात बसवतात. मेलेले विमान असे दहा विमानांत उडत राहते. यात चमत्कार काही नसतो. असतात ती तपासणारी माणसे आणि कागद. काम पूर्ण झाले की परवानाधारक इंजिनिअर सही करतो, की हे विमान उडण्यास योग्य आहे. त्या सहीशिवाय वैमानिक ते हलवत नाही.

त्या सहीच्या जागी आता कित्येक रात्री ‘हुमा’ असते. शेपटीवर कोणाचेही चिन्ह असो, कंपनी कोणाचीही असो. आत बसलेले दीडशे-दोनशे लोक ते नाव वाचत नाहीत. वाचले तर त्यांतले काही जण कदाचित ‘सोसायटीत चालत नाही’ म्हणतील. पण ते निवांत झोपून जातात, त्या सहीच्या भरवशावर. हुमाच्या सावलीत बसलेल्याला बादशाही मिळते की नाही, आम्हाला ठाऊक नाही. सुखरूप घरी पोहोचायला मिळाले तरी पुष्कळ झाले.

घराचे सांगायचे राहिले. ते आम्हाला शेवटी मिळाले, ओवळ्याच्या पुढे गायमुखकडे, एका जुन्या इमारतीत. मालक निवृत्त एस.टी. कंडक्टर. त्यांनी आधार कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘‘पाण्याचा टँकर आला की खाली कोण उतरणार?’’ आम्ही म्हणालो, ‘‘आम्ही उतरू.’’ व्यवहार झाला. हा रस्ता पुढे जिथे जातो ते घोडबंदर म्हणजे घोड्यांचे बंदर. अरबस्तानातून गलबतांनी आलेले घोडे खाडीच्या त्या काठावर उतरत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. तिकडून आलेल्यांना हा रस्ता नवा नाही, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली आहे.

दारावर पाटी लावली आहे. वर भाईजानचे नाव, खाली हुमाचे. रात्री येऊरच्या डोंगरावरून विमानांचे दिवे जाताना दिसतात. हुमा पाळीवर असली की भाभी गॅलरीत उभ्या राहून प्रत्येक दिव्यासाठी दुआ मागतात. इतक्या लांबून शेपटीवरचा पक्षी दिसत नाही. त्यांना त्याची गरजही पडत नाही.